दहा मिनिटं पुढे

मित्रांनो, मी एक जुनं घड्याळ आहे. गोल, पांढऱ्या चेहऱ्याचं, कडेला निळी पट्टी असलेलं आणि, स्पष्टच सांगते, जळकुकडं. मोठ्या मनाची घड्याळं असतीलही जगात, पण मी त्यातलं नाही. माझी कहाणी ऐकायची तर माझा जळफळाटही ऐकावा लागेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या बाईने माझ्या पाठीत यंत्र बसवलं, सेल घातला आणि मला कानाला लावून टिकटिक ऐकली. "चाललं," ती म्हणाली. माझ्याविषयी कुणी बोललेला तो पहिला शब्द. मग खोक्यातून दुकानात, दुकानातून भिंतीवर. तिथे नवीन लग्न झालेलं एक जोडपं आलं. नवऱ्याचं मन फुलाफुलांच्या घड्याळात अडकलं होतं. बायको म्हणाली, "फुलं काय पाहायची? आकडे लांबून दिसले पाहिजेत." आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं. तेव्हापासून मी तिचं.

तिला पुढे घरात सगळे आई म्हणू लागले आणि तिच्या नवऱ्याला बाबा, म्हणून मीही तसंच म्हणते. आई शाळेची गाडी चालवते. छोटी गाडी, जेमतेम डझनभर मुलं बसतील एवढी. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिला उशीर झाला, मुलं फाटकापाशी ताटकळली आणि मोठ्या बाईंनी चारचौघांत तिची खरडपट्टी काढली. त्या संध्याकाळी ती स्टुलावर चढली आणि तिने माझा काटा दहा मिनिटं पुढे सरकवला.

बाबा हसले. "अगं, घड्याळ पुढे आहे हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. मग उपयोग काय?"

"डोक्याला ठाऊक आहे," आई म्हणाली, "पायांना कुठे ठाऊक आहे?"

आणि खरंच, पाय पळायचे! माझ्याकडे नजर गेली की आधी छातीत धस्स व्हायचं, मग डोकं म्हणायचं, दहा वजा कर. तोवर चप्पल पायात गेलेली असायची. मग सगळ्या घराला तीच सवय लागली. मुलगी झाली, तिचं नाव पडलं ठमी. ती घड्याळ वाचायला शिकली ती वजाबाकीसकट. नको असलेले पाहुणे माझ्याकडे पाहून "अगंबाई, एवढे वाजले!" म्हणत उठायचे आणि त्यांना खरी वेळ कुणी सांगायचं नाही. काय तो माझा मान होता! आई पोळपाटाशी असो नाहीतर मोरीपाशी, पाच-पाच मिनिटांनी मान वर करून माझ्याकडे बघायची. एवढं तर ती बाबांकडेही बघत नसे.

मग घरात ते आले.

आधी फोन आला. मी म्हटलं, येऊ दे, खिशातच राहणार आहे. मग ठमीच्या अभ्यासाला संगणक आला, ओट्याशेजारच्या टेबलावर, अगदी माझ्या डोळ्यांसमोर. तोही चालवून घेतला. पण ठमी कमावती झाली आणि पहिल्या पगारात तिने आईला मनगटावरचं घड्याळ आणलं, तेव्हा माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. काळं, चौकोनी, तोंड मिटून बसणारं. आईने हात उचलला की लगेच उजळायचं. लाडीगोडी लावणारं! त्याच्यापायी माझी आई आता आधी मनगटाकडे बघायची आणि मग, जमलं तर, माझ्याकडे. घरात सवत आली म्हणजे काय होतं ते मला त्या दिवशी कळलं.

बरं, एकेकटे असते तर मी सोसलं असतं. पण ठमीने त्या सगळ्यांची मोट बांधली. आईचा फोन, बाबांचा फोन, संगणक, मनगटावरचं, सगळे एका खात्यात. फोनवर निरोप आला की तो संगणकाला कळायचा आणि आईच्या मनगटाला गुदगुल्या व्हायच्या. इकडे खुट्ट झालं की तिकडे खबर. चौघांची वेळ सेकंदाला सेकंद जुळलेली, कुणीतरी शिट्टी मारल्यासारखे सगळे एकदम पुढच्या मिनिटावर जायचे. आणि त्यांच्या डोक्यावर मी, दहा मिनिटं पुढे, एकटंच. कुणी मला काही सांगत नव्हतं, विचारत नव्हतं. काचेवर फोडणीचा थर साचत होता. रात्रंदिवस एकच विचार मनात यायचा, मलाही घ्या ना तुमच्यात!

त्याच सुमारास आईचं मोठ्या गाडीचं ठरलं. कितीतरी वर्षं बाकीचे चालक तिला चिडवायचे, "काय वहिनी, खेळण्यातली गाडी आणली का आज?" ती हसण्यावारी न्यायची, पण घरी भांडी जोरात घासायची. आता तिला मोठ्या बसची परीक्षा द्यायची होती. सकाळी आठला आगारात हजर व्हायचं. आठला फाटक बंद, मग साहेब कुणाच्या बापाला आत घेत नाहीत. हुकली तर पुन्हा वर्षभर खेळण्यातली गाडी.

आदल्या संध्याकाळी आई गाडी धुवायला गेली होती. ठमीने गजर लावून ठेवला. "बाबा, निघायच्या वेळेला सगळीकडे एकदम वाजेल. आणि एकावर बंद केलं की सगळ्यांवर बंद. उगाच चार ठिकाणी कटकट नको."

"हुशार आहे माझी बाय," म्हणत बाबा अंघोळीला गेले.

ठमीने वर पाहिलं, माझ्याकडे. "आणि हे एकटंच कशाला वेडं?" ती स्टुलावर चढली. फोन बघून तिने माझा काटा मागे घेतला, अगदी नेमका. मग ओल्या फडक्याने माझी काच पुसली. "सकाळी आईला गंमत," असं स्वतःशीच म्हणाली.

मित्रांनो, काय सांगू! मी त्यांच्यात आले! रात्रभर मी त्या चौघांबरोबर मिनिटं मोजत होते, बरोबरीने, मान ताठ करून. मनगटावरचं टेबलावर चार्ज होत पडलं होतं. मनात म्हटलं, बघ, आता तुझ्यात आणि माझ्यात फरक काय?

सकाळ झाली. निघायची वेळ झाली आणि चौघेही एकदम वाजले. आई मोरीत तोंड धूत होती, नळ मोठा सोडलेला. ठमी अजून पांघरुणात. बाबा दाढी करत होते, अर्ध्या गालाला फेस. "काय ही कटकट," म्हणत त्यांनी ओल्या बोटाने स्वतःचा फोन गप्प केला. झालं! फोन गप्प, संगणक गप्प, मनगटावरचं गप्प. एकाने तोंड मिटलं तशी चौघांनी मिटली. एवढी जिवाभावाची मंडळी, पण एकालाही आईला हाक मारावीशी वाटली नाही.

आई बाहेर आली. गणवेशाची बटणं लावता लावता तिने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी आधी माझ्याकडे! आणि सवयीने दहा वजा केले.

"आहे अजून वेळ," ती म्हणाली, आणि तिने चहा टाकला.

अगं आई, नाही गं! मी आज खरं बोलतेय! मी टिकटिक करत होते, दुसरं काय करणार? ती चहा फुंकून फुंकून प्यायली. बूट पुन्हा एकदा पुसले. आरशासमोर केस सारखे केले. मला काटे मागे ओढून धरावेसे वाटत होते. शेवटी तिने मनगटावरचं उचललं, हाताला बांधलं, ते उजळलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो! ठमे! हे घड्याळ..."

ती धावत सुटली. पण आगाराचं फाटक काही वाट बघत थांबलं नाही.

आई घरी आली ती बूट न काढताच खुर्चीवर बसली. ठमी रडून रडून लाल झाली होती. "आई, मी बरोबर केलं होतं गं घड्याळ. सगळ्यांची वेळ एक असावी म्हणून."

बाबा खाली मान घालून म्हणाले, "वाजलं होतं. मीच बंद केलं. माझं बंद केलं की तुझंही बंद होतं, हे ठमीने सांगितलेलं ध्यानातच राहिलं नाही."

आईने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. मग म्हणाली, "यंत्रं सगळी जुळवलीस बाळा. मला सांगायचं तेवढं राहिलं."

मी भिंतीवर जीव मुठीत धरून होते. आता माझी रवानगी माळ्यावर, नाहीतर भंगारात. दोष माझा नव्हता, पण ज्याच्याकडे बघून घात झाला त्याला घरात कोण ठेवतं? आई उठली, तिने स्टूल ओढलं आणि मला खाली काढलं. मी संपले असं मला वाटलं. तिने मला मांडीवर पालथं घेतलं आणि पाठीमागची चकती फिरवून माझा काटा दहा मिनिटं पुढे नेला. सावकाश, डोळे पुसत पुसत. मग पुन्हा त्याच खिळ्यावर टांगलं.

"याला कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली.

वर्ष गेलं. पुन्हा परीक्षेची सकाळ आली. गजर या वेळीही लावले होते, पण प्रत्येकाच्या यंत्रावर वेगळे, आणि कुठे काय लावलंय ते ठमीने आईला समोर बसवून समजावलं होतं. आई चहा पिता पिता वर बघत होती, पुन्हा पुन्हा. बाबांनी विचारलं, "मनगटावर बरोबर वेळ आहे ना? मग वर कशाला बघतेस?"

"ते वेळ सांगतं," आई म्हणाली. "हे मला घराबाहेर हाकलतं." आणि कप अर्धाच ठेवून ती निघाली. आगाराचं फाटक उघडायच्या आधी ती तिथे उभी होती, असं नंतर बाबा सगळ्यांना सांगत होते. आता खिडकीखालून मोठी बस जाते आणि जाताना दोनदा भोंगा वाजतो.

मित्रांनो, तुमचे फोन, संगणक, घड्याळं खुशाल एकमेकांशी जुळवा. पण घरात कुणाला कशाची सवय आहे ते आधी विचारा, आणि काही बदललंत तर त्या माणसाला सांगा. जुन्या वस्तूची खोड मोडण्याआधी ती खोड कुणी लावली, कशासाठी लावली, तेही विचारा. आणि अधूनमधून काचेवरून फडकं फिरवा, एवढंच मागणं.

माझा मत्सर गेला का? छे! मनगटावरचं अजून उजळतं आणि माझा अजून तिळपापड होतो. रात्री ते टेबलावर पडलं की त्या चौघांची गुपचूप देवाणघेवाण चालते आणि मला कुणी काही सांगत नाही. न का सांगेनात. सकाळी निघताना, एक पाय दाराबाहेर असताना, आई मान वळवून वर बघते. तेव्हा ती मनगटाकडे बघत नाही.