गॉर्डीच्या बिअरचा फेस

मी बोलतोय हो, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधलं बिअरचं पिंप. पोट रिकामं असलं की आवाज जरा घुमतो, तेवढं सांभाळून घ्या.

तरुणपणी माझ्यात लिंबू सरबत भरायचे. पुढे ते पिशव्यांतून यायला लागलं आणि माझी रवानगी भंगारात झाली. तिथून मला गॉर्डी क्लाटनं उचललं. शाळेची बस चालवणारा, पन्नाशीला टेकलेला, बायको सोडून गेलेला भला माणूस. घरी बिअर करायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं होतं. त्याच्या खोलीत जागा कुठली! म्हणून त्यानं मला बापाच्या तळघरातल्या जुन्या फ्रिजमध्ये बसवलं. माझ्यातून तोटीकडे जाणाऱ्या नळीची वेटोळी दारात अडकायला लागली, तेव्हा स्वारीनं कात्री घेतली आणि नळी वीतभर ठेवली. चुकलं ते तिथंच! लांब नळीतून बिअर दमादमानं येते. आखूड नळीतून ती उसळून येते आणि ग्लासात नुसता फेस.

गॉर्डीचा बाप अर्विन जन्मभर बारमध्ये तोटीपाशी उभा राहून गिऱ्हाइकांना बिअर भरून देणारा. पहिला ग्लास बघून म्हणाला, "काय रे, साबण घातलास की काय? दाढी करू याच्यानं?"

"थांबा हो बाबा. पुढच्या रविवारी बघा!"

पुढच्या रविवारी तो चर्चमधून थेट तळघरात. बिअर वर ढकलणाऱ्या गॅसचा दाब कमी केला, तर बिअर मिळमिळीत झाली, फेस तसाच. मग कधी फ्रिज आणखी गार कर, कधी तोटी खोलून धू. म्हातारा शेजारी खुर्ची टाकून टोमणे मारायचा. मग दोघं वर जाऊन सॉसेज खात फुटबॉल बघायचे. अंधार पडला तरी गॉर्डी निघायचा नाही. हाच गॉर्डी पूर्वी नाताळ सोडला तर इकडे फिरकतसुद्धा नव्हता.

तो गेला की म्हातारा एकटाच खाली यायचा. ग्लास भरायचा, फेस बसेपर्यंत थांबायचा, मग घोट घ्यायचा. "वा रे पठ्ठ्या!" एकदा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चार हात नळी घातली की काम झालं. पण मी नाही सांगणार बुवा. फेस गेला की पोरगंही जाईल. तूही गप्प बस हं."

गप्प बसलो. पिंपानं दुसरं करावं काय?

पण टोमण्यालाही सुमार असतो. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळं गोत जमलं आणि गॉर्डीची बिअर बघायला खाली उतरलं. पुन्हा फेस! म्हातारा सगळ्यांदेखत बोलून गेला, "सोड रे. तुझ्या हाताला यशच नाही. ना बिअरमध्ये, ना संसारात."

शब्द सुटला आणि त्याचा त्यालाच लागला. गॉर्डीनं ग्लास खाली ठेवला, टोपी घातली आणि निघून गेला.

त्यानंतर दर रविवारी म्हातारा खुर्ची टाकून जिन्याकडे कान लावून बसायचा. अहो, फोन करावा की नाही? पण हट्टी खोड! फेब्रुवारीतल्या बर्फात त्याचं हृदय थांबलं.

वसंतात गॉर्डीनं घर आवरलं. जुनं सामान विकायला अंगणात मांडलं, त्यात फ्रिजसकट मीही. उरलेली बिअर त्यानं गवतावर ओतली. "बाबांना कधी आवडलीच नाही," म्हणाला. तेवढ्यात एक बाई मला बघायला आली आणि हसायलाच लागली. "अहो, एवढीशी नळी? फेसच येणार की! बारमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारायचं होतंत."

गॉर्डीनं नळी हातात घेतली आणि वीत लावून बघितली. मग म्हणाला, "म्हणजे त्यांना माहीत होतं. माहीत असून माझी फजिती बघत बसले." आणि त्यानं मला त्या बाईच्या गाडीत टाकलं.

आता माझी नळी लांब आहे. बिअर सुरेख उतरते, पाहुणे वाहवा करतात, पण मला त्याचं सुख नाही. तुम्हाला तोंड आहे, तुम्ही तरी बोला. पिवळी बस चालवणारा गॉर्डी कुठं दिसला, तर त्याला थांबवा आणि सांगा, अरे वेड्या, तुझ्या बिअरचा ग्लास तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचा. आणि फजिती नव्हे रे, तुझी वाट बघत बसायचा.