धनाचा निळा चिमटा

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. कपडे वाळत घालायचा, निळा, प्लॅस्टिकचा! हसलात ना? हसा, हसा. पण मी लढाया पाहिल्या आहेत, आणि त्यासुद्धा सगळ्यात उंच जागेवरून.

माझा जन्म बेंगळुरूच्या पीण्या भागातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. साच्यातून माझे दोन पाय गरमागरम बाहेर पडले, कुणीतरी मध्ये तारेची स्प्रिंग बसवली आणि मी पहिल्यांदा कट्कन तोंड मिटलं. मग जयनगरचं दुकान, आणि तिथून सुचेताकाकूंची गॅलरी. हे कुटुंब पुण्याहून नुकतंच आलेलं. ओले टॉवेल धरायचे, वाऱ्याशी झोंबायचं, बस्स. पण "शाब्बास रे चिमट्या" असं कधी कुणी म्हणालं नाही.

एका रविवारी काकूंच्या शुभंकरनं आम्हाला दोरीवरून उचललं.

"आई, चिमटे नेतोय. युद्ध आहे!"

"युद्धाला खुशाल जा, पण माझे चिमटे परत आण!" काकू आतून ओरडल्या.

तो खेळ गोष्टीचा होता. शुभंकर सूत्रधार. पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसून तो जंगलं आणि राक्षस सांगायचा. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं. आपण काय करतो ते ज्यानं त्यानं बोलून सांगायचं आणि जमलं की फसलं ते फाशानं ठरवायचं. लढाई जुंपली की सगळे वीस बाजूंचा फासा टाकत. ज्याचा आकडा मोठा, त्याचा टर्न आधी. आणि तो क्रम दाखवायला पुठ्ठ्याच्या वरच्या काठावर नावं लिहिलेले आम्ही चिमटे! माझ्यावर स्केचपेननं लिहिलं होतं, 'धना'.

धना म्हणजे वरच्या मजल्यावरची धनलक्ष्मी. तिच्या घरचे मूळचे निपाणीकडचे, त्यामुळे तिच्या मराठीत कन्नड मजेत नांदायचं. खेळात ती वैद्यीण होती. डोक्यात गोष्टी नुसत्या उसळायच्या तिच्या, पण शब्द पहिल्या अक्षरालाच अडकायचे. ते सुटेपर्यंत हर्ष बोलून मोकळा! हर्ष म्हणजे खेळातला शूर सरदार आणि खेळाबाहेरचा रेडिओ.

लढाईत मात्र मी पुढं सरकलो की बोलायचा हक्क फक्त धनाचा. पहिल्याच लढाईत तिनं शुभंकरच्या बहिणीला, आर्या तिरंदाजाला, बरं केलं. "मी प... पाला चावते, जखमेवर दाबते. म्हणते, स्वल्प झोंबेल, थोडंसंच, मग सरी होईल, बरं वाटेल." सगळे पुढं झुकून ऐकत होते. मला तर टॉवेलपेक्षा मोठं काहीतरी धरल्यासारखं वाटलं!

पण हर्षला कुठला धीर? "यार, तोवर राक्षस म्हातारा होईल! नवा नियम. दहा मोजेपर्यंत बोलायचं, नाहीतर टर्न गेला."

लढाया लांबत होत्याच. शुभंकर हो म्हणाला.

झालं! हर्ष मोजायला लागला की धनाचे शब्द आणखीच अडकायचे. "आठ, नऊ, दहा! पुढे!" आणि मला उचलून रांगेच्या शेवटी. एकदा हर्षचा सरदार घायाळ झाला, धना औषध सांगताना अडखळली, तर तो म्हणतो कसा, "ही नसेल तर लढाई लवकर तरी संपेल."

धनानं मला पुठ्ठ्यावरून काढलं, काकूंच्या हातात दिलं आणि जिना चढून गेली.

मी पुन्हा दोरीवर. उन्हानं माझा रंग उडाला, एक दात तुटला, 'धना' फिकट झालं. धुणं काढलं तरी मला तिथंच विसरत.

मग एक दिवस आर्या तिला अक्षरशः ओढत घेऊन आली. "वैद्याशिवाय आम्ही सगळे मरतोय गं! शेवटची लढाई आहे."

"ए... एकदाच येईन," धना म्हणाली. मला पुसून पुन्हा पुठ्ठ्यावर लावलं.

तळ्यातून फेसासुर निघाला. आपल्या बेंगळुरूच्या तळ्यांवर फेस येतो ना, तसा, पण दात असलेला! त्यानं आर्याला पाडलं. हर्षला पाडलं. उभी राहिली एकटी धना. मी पुढं सरकलो.

"एक... दोन..." हर्ष सुरू झाला.

"हर्ष, तू बेशुद्ध आहेस," शुभंकर म्हणाला.

"मग?"

"पडलेल्यानं बोलायचं नाही. आर्या पडल्या पडल्या सल्ले द्यायची, तेव्हा हा नियम तूच आणलास."

हर्षनं कट्कन तोंड मिटलं, अगदी माझ्यासारखं! आर्याही बेशुद्ध. मोजायला कुणी उरलंच नाही.

केवढी शांतता! कुणाच्यातरी कुकरची शिट्टी झाली. धना म्हणाली, "मी... म..." आणि थांबली. कुणी हललं नाही. ती पुन्हा म्हणाली, "मी औषध काढते. ए... एकच थेंब उरलाय."

एकच! आर्यानं भुवया उडवून स्वतःकडे खुणा केल्या. हर्ष मान खाली घालून बसला. तो उठला तर त्याचं तोंडही उठणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"फेसात दिसत नाही. मी चाचपडते," धना सावकाश सांगत राहिली. "हाताला चिलखत लागतं. ह... हर्षचं. गार पडलंय. मी त्याचं डोकं मांडीवर घेते. थेंब ओठावर सोडते. म्हणते, ऊठ की रे. तुझ्याशिवाय मला जमायचं नाही."

आता हर्षचा टर्न. मोजायचा हक्क एकट्या धनाला होता. तिनं मोजलं नाही. आणि नवल म्हणजे या खेपेला हर्षचेच शब्द अडकले.

"मी उठतो," तो शेवटी म्हणाला. "ढाल घेतो आणि... धनाच्या पुढं उभा राहतो. तिला काय करायचंय ते करू दे. घेऊ दे हवा तेवढा वेळ."

फेसासुर हरला, पण त्याला पार संध्याकाळ झाली! दहा मोजायच्या नियमाचं नाव त्यानंतर कुणी काढलंच नाही, आणि धना दर रविवारी येऊ लागली.

मित्रांनो, आता माझी स्प्रिंग सैल झालीय, ओला टॉवेल पेलवत नाही. एवढंच मागतो, आम्हाला उन्हात विसरू नका. आणि चिमट्यात अडकलेलं कापड खसकन ओढू नका, टरकन फाटतं हो ते! चिमटा हळूच दाबा, थोडं थांबा. अडकलेलं आपोआप सुटतं.