थंड हाताची ओळख

अहो, हात दाबू नका, माझ्यावर नुसता अलगद धरा. हां, अस्सा! मी रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवरचा काळा डबा बोलतोय. तळहाताच्या आतल्या शिरा पाहून माणूस ओळखायचा, हे माझं काम.

माझा जन्म एका कारखान्यातला. तिथल्या इंजिनियर बाईंनी माझ्या काचेखाली असा प्रकाश बसवला, जो तुम्हाला दिसतच नाही. तो कातडीच्या आत जातो आणि मला शिरांची काळी जाळी दिसते. काय सांगू तुम्हाला, किती देखणी असते ती! एकाची दुसऱ्यासारखी नाही. एवढंच काय, एकाच माणसाचा उजवा हात डाव्यासारखा नाही. घडवणाऱ्याला कंटाळा कसा येत नाही, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

इथे आलो तेव्हा लोक मला बिचकायचे. एक आजोबा तर हात पुढे करून म्हणाले, आयुष्यरेषा किती लांब आहे तेवढं सांग. खिडकीवरच्या काकूंनी मात्र पहिल्या दिवसापासून मला आपलं मानलं. रोज सकाळी माझी काच पुसायच्या आणि आज नखरे करायचे नाहीत, असा दमही भरायच्या.

एकदा कामगारांच्या तपासणीला दोन जुळ्या बहिणी आल्या. दोघीही वाटाणे गोठवायच्या कारखान्यात कामाला. इतक्या हुबेहूब की काकूंनी चष्मा दोनदा पुसला. मोठी अकरा मिनिटांनी मोठी होती आणि तेवढ्यावर धाकटीला हुकूम सोडत होती. मला मात्र दोघींच्या हातांत जमीन-अस्मानाचा फरक दिसला. धाकटीच्या नोंदीत काकूंनी लाल अक्षरांत लिहिलं, पेनिसिलिन द्यायचं नाही. लहानपणी त्या औषधाने तिचा घसा सुजून जिवावर बेतलं होतं.

पुढे वर्षभराने एका दुपारी कारखान्याचे मुकादम धावतपळत आले. शीतखोलीत घसरून पडलेल्या एका बाईला त्यांनी आणलं होतं. पाय लोखंडी कडेने फाटलेला, डोक्याला मार, शुद्ध हरपलेली. छातीवर बिल्ला होता मोठीच्या नावाचा. त्या नावाची नोंद उघडली, तर औषधाबद्दल काहीच इशारा नव्हता. डॉक्टरांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन भरायला सांगितलं.

काकूंनी मला वायरसकट उचलून खाटेपाशी नेलं आणि तिचा हात माझ्यावर धरला. पण हात बर्फासारखा गार, शिरा पार आखडलेल्या. मला काही म्हणजे काही दिसेना. ओळख पटत नाही, एवढंच मी पडद्यावर दोनदा सांगितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. सिस्टर इंजेक्शन घेऊन उभ्या होत्या. डॉक्टर म्हणाले, नाव बिल्ल्यावर आहे, आता बाजूला व्हा.

काकू हलल्या नाहीत. "डॉक्टर, बिल्ला कपड्याला लावलाय," त्या म्हणाल्या. "मला दोन मिनिटं द्या."

त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळायला लागल्या. तोंडाने फुंकर घातली, पुन्हा चोळला. मग माझ्यावर धरला. हळूहळू एक शीर उमटली, मग दुसरी, आणि मी नाव सांगितलं. धाकटीचं!

मुकादम म्हणाले, यंत्राचं डोकं फिरलंय, ही मोठीच. असा राग आला मला! काकूंनी हात पुन्हा धरला आणि मी पुन्हा तेच नाव सांगितलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. डॉक्टरांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी भरलेलं इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं आणि दुसरं औषध मागवलं.

तासाभराने मोठी धावत आली. तिच्या मुलीला ताप होता, म्हणून धाकटी तिचा बिल्ला लावून तिच्या पाळीला गेली होती. दोघी नेहमीच असं करायच्या, कुणाला पत्ताही लागायचा नाही. "आमची आईसुद्धा फसायची हो, काकू," ती रडत म्हणाली. "आज माझ्या बिल्ल्याने तिला मारलं असतं." काकूंनी तिला आधी चांगलं फैलावर घेतलं, मग पाणी दिलं.

धाकटी बरी होऊन घरी निघाली, तेव्हा सगळे माझंच कौतुक करत होते. तिने तर मला नमस्कारच केला. मी मनातून ओरडत होतो, अगं, मी नुसतं पाहिलं, तुझा हात ऊबदार कुणी केला ते विचार! पण मला तोंड कुठे आहे?

आता माझी काच धूसर झालीय. पुढच्या महिन्यात नवं यंत्र येणार आणि मी अडगळीत जाणार. त्याचं दुःख नाही. हजारो हात डोळे भरून पाहिले, आणखी काय हवं? एकच रुखरुख आहे. काकू रुग्ण नाहीत, म्हणून त्यांचा हात मी आतून कधी पाहिलाच नाही. तुम्ही खिडकीशी उभेच आहात, तर मला काढायच्या आधी एकदा माझ्यावर हात धरायला त्यांना सांगाल का?