खंडोजीराव समुद्रात उतरतात

म्हैसूरच्या नजरबाद भागात राहणाऱ्या खंडोजीरावांचे कोणी पूर्वज तिथल्या महाराजांच्या घोडदळात होते आणि त्यांनी म्हणे भर पुरात कावेरी पार केली होती. ही गोष्ट सुमाने सून म्हणून आल्यापासून इतक्यांदा ऐकली होती, की त्या घोड्याचा रंगही तिला पाठ झाला होता. स्वतः खंडोजीरावांनी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत फायली राखल्या. पोहणं त्यांना आलं ते निवृत्तीनंतर, गुडघेदुखीपायी, छातीभर पाण्याच्या तलावात, अकरा दिवसांत.

नाताळच्या सुट्टीत घरचे चौघे समुद्रावर निघाले. सुमाने आधीच माहिती काढली होती. जीवरक्षक असेल तिथेच उतरायचं, लाल झेंड्यापलीकडे फिरकायचं नाही, जॅकेटचे सगळे पट्टे आवळायचे.

"आमच्या घराण्याला पाणी शिकवतेस, अल्लवा, होय ना?" खंडोजीराव म्हणाले आणि गाडीत मान टाकून झोपले.

किनाऱ्यावरची जीवरक्षक म्हणजे सहना नावाची पंचविशीतली मुलगी निघाली, तेव्हा तर त्यांची करमणूकच झाली. तिने पुढे केलेलं जॅकेट त्यांनी चिमटीत धरून परत दिलं आणि कावेरीची गोष्ट सुरू केली. पाण्यावरची नजर न काढता सहनाने ती पूर्ण ऐकून घेतली.

"म्हणजे पोहला घोडा ना, अज्जा?" ती म्हणाली.

इंदिराबाई पदराआड हसल्या. बायकोचं ते हसणं खंडोजीरावांना झोंबलं. बाकीचे नारळपाण्याच्या गाडीकडे वळले तसे खंडोजीराव तरातरा लाल झेंड्यापलीकडे गेले. तिथे लाटा फुटत नव्हत्या, पाणी शहाण्यासारखं पडून होतं. माणसाला आत ओढणारा प्रवाह नेमका अशाच गुळगुळीत जागी असतो, हे सुमाने गाडीत सांगितलं होतं. पण तेव्हा सासरेबुवा घोरत होते.

ती वळून बघते तो त्यांचं डोकं नारळाएवढं झालेलं आणि वर एक हात हलतोय. "फोटो काढा म्हणतायत," असं म्हणत तिच्या नवऱ्याने, रघूने, फोन काढला. इंदिराबाईंनीही हात हलवला. तो हात मदत मागतोय, हे सुमाने ओळखलं. ती ओरडणार तोच शिट्टी वाजली आणि सहना तरंगता पट्टा घेऊन पाण्यात शिरली. सरळ किनाऱ्याकडे हातपाय मारून दमलेल्या खंडोजीरावांना तिने आधी प्रवाहाबाहेर येईपर्यंत आडवं, किनाऱ्याला समांतर ओढत नेलं आणि मग बाहेर काढलं.

खारं पाणी ओकून झाल्यावर सहनाच्या वहीत नोंद करायची वेळ आली. कारणाच्या रकान्यात 'प्रवाहाची पाहणी' लिहा, असं खंडोजीरावांनी सुचवलं. सहनाने 'इशारा पाळला नाही' असं लिहून पेन त्यांच्या हातात दिलं. दात वाजत असताना त्यांनी सही केली. सुमाला त्यांची कीव आली, पण ती टिकली नाही. शाई वाळायच्या आतच, पोरीचा सराव झाला ते बरंच झालं, असं ते जमलेल्या लोकांना सांगू लागले.

"सुम्मने बसा," इंदिराबाई म्हणाल्या.

चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला पहिल्यांदाच गप्प बसवलं होतं आणि ते बसलेही. मग इंदिराबाईंनी साडी बदलून सुमाचा सलवार-कमीज चढवला, सहनाकडून जॅकेटचे पट्टे आवळून घेतले आणि मोटरबोटीमागे ओढल्या जाणाऱ्या फुगीर बनाना बोटीवर सुनेच्याही पुढे जाऊन बसल्या. बोट हिसका देऊन निघाली तशा त्या किंचाळल्या आणि परत आल्यावर आणखी एक फेरी मागू लागल्या. टॉवेल गुंडाळलेले खंडोजीराव वाळूत दोघींच्या चपला सांभाळत बसले होते.