संध्याकाळची नळी

ताईने कापसाचा बोळा जिभेखाली सरकवला आणि ओठ मिटले. समोर बसलेल्या धाकट्या भावाने मोबाइलवर दोन मिनिटांचा गजर लावला.

"आता चकार शब्द नाही हं," तो हसत म्हणाला.

ताणाचं संप्रेरक म्हणे सकाळी चढतं आणि रात्रीपर्यंत उतरतं. ताईचं उतरतच नसावं, असा डॉक्टरीणबाईंना संशय होता, म्हणून दिवसातून चारदा लाळेने भिजलेला बोळा नळीत घालून ठेवायचा होता. अंथरुणाला खिळलेल्या आईचं करता करता ताईची कितीतरी वर्षं गेली होती, झोप तर केव्हाच उडाली होती. पण पुढच्या महिन्यात आई धाकट्याकडे जाणार होती. शेंडेफळाला उशिरा का होईना अक्कल आली, असं ताई शेजारणीला कौतुकाने सांगून बसली होती. आज तर तो चाचणीसाठी खास रजा काढून आला होता.

"ताई," तो मोबाइलकडे बघत म्हणाला, "आईला न्यायचं नाही जमणार गं. हिची नोकरी, मुलांच्या परीक्षा... आणि आईला तुझ्या हातची सवय."

ताईने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"अंहं, बोलू नकोस, नळी वाया जाईल. मी येत जाईन ना अधूनमधून."

याला केसाने गळा कापणं म्हणतात, हे तिला ओरडून सांगायचं होतं. बोळा थुंकला असता तरी चाललं असतं. पण सांगितलं तसं वागायची सवय हाडीमाशी खिळलेली. ती डोळ्यांतलं पाणी पुसत बसून राहिली.

मोबाइल वाजला. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला.

"सांगितलंस का रे? बोळा तोंडात असतानाच सांग म्हटलं होतं. नाहीतर ती बोलू देणार नाही तुला."

भाऊ पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. त्याचा ताईला संताप आला होता. आईचा आला नाही. तिने बोळा नळीत टाकला, झाकण लावलं, नळी फ्रिजमध्ये ठेवली आणि चपला घातल्या.

"कुठे निघालीस?"

"थोड्या वेळाने तिला कुशीवर वळव. पाठीखाली हात घालून. ओढायचं नाही."

"अगं, पण तू येणार कधी?"

ती बाहेर पडली. आई दचकते म्हणून दार मात्र नेहमीसारखं हळूच ओढून घेतलं.