एका टोपीची दोन डोकी

मी एक जुनी टोपी आहे. निळी, पुढे पितळी बिल्ला असलेली, इंद्रलोक नावाच्या वस्तीतल्या एका सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनची. काशीमीराच्या एका गाळ्यात मला शिवलं, तेव्हा माझ्यासोबत आणखी चाळीस टोप्या होत्या. त्या कुठे कुठे गेल्या, कोण जाणे. मित्रांनो, मी स्वभावाने जरा भोचक आहे. मला सगळं जाणून घ्यायचं असतं.

आमच्या एजन्सीची एक पद्धत आहे. गेट एक, तर टोपीही एकच. दिवसा मी रामनाथच्या डोक्यावर, रात्री दशरथच्या. टोपी दुसऱ्याच्या हाती दिली की ड्युटी सुटली. प्रजासत्ताक दिनाला माझा बिल्ला चिंचेने घासून लखलखीत करत. सेक्रेटरी म्हणत, काय रुबाब आहे! एरवी मात्र माझ्याकडे कोण बघतं? उन्हाळ्यात तर माझा चक्क पंखा होई.

एक कोडं मला कधीच सुटलं नव्हतं. बारा तास संपले की हे दोघं जातात कुठे? 'घर, घर' म्हणतात, ते असतं तरी कसं? रामनाथ फोनवर सात वर्षांच्या सान्वीशी, त्याच्या लेकीशी बोले. सुटीच्या रविवारी तिला सायकल शिकवायचं त्याने कबूल केलं होतं. पण दशरथ आजारी आईसाठी गावी गेला. त्याच्या जागी बदलीचा माणूस इतर दिवशी कसाबसा मिळे, शनिवारी रात्री आणि रविवारी मात्र कोणीच येईना. मग रामनाथच डबल ड्युटीला उभा राही आणि रविवारही गेटवरच जाई. असे तीन रविवार गेले. चौथ्या शनिवारी सान्वी म्हणाली, सायकल आता शेजारच्या अनिशला देऊन टाकते. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी एकदाचा नवा माणूस आला, तोही स्वतःची टोपी घालून! रामनाथ लगबगीने निघाला आणि मला द्यायचं विसरूनच गेला.

अशी मी पहिल्यांदा घरी पोहोचले. दोन छोट्या खोल्या. दारात चपला होत्या, पण रजिस्टर कुठेच नव्हतं. येणाऱ्याचं नाव कोणी लिहून घेत नाही, याचं मला भारी नवल वाटलं. सान्वी सायकल पुसायला बाहेर गेली होती. रामनाथ दाराजवळच्या खुर्चीत टेकला आणि चोवीस तासांच्या जागरणाने तिथेच पेंगला.

इतक्यात सान्वी सायकल ढकलत दारात आली. चाकाच्या आवाजाने रामनाथ ताडकन उभा राहिला. डोळे अर्धवट मिटलेले, हात आडवा.

"कोणाकडे जायचंय?" त्याने विचारलं.

सान्वी हसली नाही. "बाबांकडे," ती म्हणाली.

रामनाथला खाडकन जाग आली. त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात फोन वाजला. संध्याकाळी पुन्हा डबल ड्युटीला ये, असं सुपरवायझर सांगत होते.

"साहेब, आज नाही जमणार. आज पोरीला वेळ दिलाय," रामनाथ म्हणाला, आणि त्याने मला सान्वीच्या डोक्यावर ठेवलं.

मी तिच्या नाकापर्यंत घसरले. सायकल डगमगली, रामनाथ मागून धावला, आणि सुटी म्हणजे काय ते मला त्या गल्लीत कळलं.

मित्रांनो, तुमच्या गेटवरचे काका ड्युटी संपूनही उभे दिसले, तर त्यांना एवढंच विचारा, बदलीचा माणूस आला का? त्यांच्याही दारात कोणीतरी उभं असतं. त्याला बाबांकडे जायचं असतं.