पाटी झाडताना

लंबूला कायमचं घरी बसवायचं हे पंचाने मनाशी ठरवलं, त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. पंच तसा साधा माणूस आहे असं सगळे म्हणत. ज्याच्याबद्दल सगळेच असं म्हणतात, त्याच्यापासून जरा जपूनच राहावं.

आठवडाभर तो आपलं गॅरेज चालवायचा. अपघातात चेपलेल्या गाड्या क्रेनने ओढून आणायच्या, पत्रा ठोकून सरळ करायच्या आणि नाहीच जमलं तर भंगारात द्यायच्या. रविवारी मात्र तो हौशी बेसबॉलच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहायचा. हौशी म्हणजे कोण, तर प्लंबर, मास्तर, औषधांचे दुकानदार. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाच्या गुडघ्याला पट्टा. सहा दिवस साहेबापुढे मान खाली घालणारी ही मंडळी सातव्या दिवशी पंचापुढे वाघ व्हायची.

खेळ समजायला अवघड नाही. बॅट घेऊन उभ्या असलेल्या गड्याच्या पुढ्यात जमिनीत एक पांढरी रबरी पाटी बसवलेली असते. चेंडू त्या पाटीवरून, गुडघ्याच्या वर आणि छातीच्या खाली गेला तर स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की गडी बाद. गेला की नाही हे ठरवतो पंच, आणि त्याने ठरवलं की संपलं. पाटीवर माती साचते म्हणून पंचाच्या खिशात एक छोटा ब्रश असतो.

या ब्रशची एक जुनी रीत आहे. पाटी लख्ख असली तरी पंच कधीकधी खेळ थांबवतो, मैदानाकडे पाठ करून वाकतो आणि झाडू लागतो. अशा वेळी त्याला बॅटवाल्याशी दोन शब्द बोलायचे असतात. मान वर करायची नाही, हात चालू ठेवायचा आणि हळूच सांगायचं, "पुरे आता. घरची माणसं बघताहेत." लोकांना वाटतं पंच माती काढतोय. तापलेला गडी थंड होतो आणि चारचौघांत त्याची शोभाही होत नाही. ही रीत ज्या कुणा म्हाताऱ्या पंचाने काढली तो देवमाणूस असणार. आपल्या पंचाने तिचं काय केलं ते ऐका.

लंबू म्हणजे सव्वासहा फुटांचा धिप्पाड रंगारी. लोकांची घरं रंगवायचा आणि रविवारी पंचांची तोंडं. राग कायम नाकावर आणि शिवी जिभेवर. तीन वर्षांपूर्वी एका स्ट्राइकवरून त्याचं डोकं फिरलं. त्याने पंचाच्या मागच्या खिशातून ब्रश उपसला, डाव्या हाताने पंचाची हनुवटी धरली आणि उजव्या हाताने त्याचा चष्मा झाडला. वर पुन्हा प्रेमाने विचारलं, "आता दिसतंय का रे राजा?"

मैदान हसून लोटपोट झालं. ते पंचाने सोसलंही असतं. पण प्रेक्षकांत त्याची बायको बसली होती, आणि ती पोट धरधरून हसत होती. घरी गेल्यावर तिने बहिणीला फोन लावला आणि सगळा प्रसंग हावभावांसकट सांगितला. पंच शेजारच्या खोलीत बूट काढत होता. तिचं "आता दिसतंय का रे राजा" त्याने तीनदा ऐकलं. त्या दिवसापासून त्याने डूख धरला.

लंबूला तेव्हा सामने भरवणाऱ्या संघटनेने वर्षभर खेळू दिलं नाही. त्याआधीही एकदा शिवीगाळीसाठी त्याला बाहेर बसवलं होतं. तिसऱ्यांदा असं काही झालं की नाव कायमचं कापायचं, असा नियम होता. पंच तिसऱ्या वेळेची वाट बघत बसला.

आणि नेमका लंबू सुधारला. झालं असं, की त्याचा धाकटा भाऊ गाडीच्या अपघातात गेला. दोघे भाऊ एका लग्नाहून परत येत होते, दोघेही प्यायलेले. गाडी झाडावर आदळली. मदत पोचली तेव्हा लंबू भावाला बाहेर ओढून रस्त्याकडेला मांडीवर घेऊन बसला होता. गाडी कोण चालवत होतं असं पोलिसांनी विचारलं. लंबू म्हणाला, "तो." तेच कागदावर उतरलं. पिऊन गाडी चालवली, स्वतः मेला आणि भावालाही मारत होता, असं लोक धाकट्याबद्दल बोलू लागले. मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, त्याच्या बायकोला मात्र ऐकता येतं. तिने दोन वर्षं ते ऐकलं.

लंबू त्यानंतर मैदानावर आला तो वेगळाच माणूस होऊन. हूं नाही की चूं नाही. पंच देईल तो निर्णय मान्य. हा संघ दोघा भावांनी मिळून उभा केला होता आणि आता त्याला घट्ट धरून ठेवण्यासारखं तेवढंच उरलं होतं. रविवारचा खेळ सुटला तर हा माणूस उभा राहणार नाही, असं त्याचे सोबती आपसात म्हणायचे. ते पंचाच्याही कानावर आलं होतं.

ती चेपलेली गाडी ओढून नेली होती पंचानेच. गॅरेजमध्ये त्याने दार कापून काढलं आणि आत डोकावला. ड्रायव्हरची सीट रुळावर अगदी मागे होती आणि खटका शेवटच्या खाचेत पक्का बसला होता. धाकटा भाऊ जेमतेम सव्वापाच फूट. त्या सीटवरून त्याचे पाय ब्रेकपर्यंत पोचलेच नसते. तीस वर्षं गाड्यांचे पत्रे ठोकणाऱ्याला एवढं कळायला पंचांग लागत नाही. त्याने बराच वेळ त्या खटक्याकडे पाहिलं. मग गाडी भंगारात दिली आणि गोष्ट पोटात ठेवली.

शेवटी एका रविवारी त्याने लंबूच्या संघाचा सामना मुद्दाम मागून घेतला. शेवटची पाळी, लंबू बॅट घेऊन उभा. पहिला चेंडू पाटीपासून हातभर लांबून गेला.

"स्ट्राइक!" पंच ओरडला.

लंबूने खाली पाहिलं, बॅट पुन्हा खांद्यावर घेतली. दुसरा चेंडू त्याच्या कपाळाच्या उंचीवरून गेला.

"स्ट्राइक!"

लंबूचा अख्खा संघ बाकावरून उठला. आंधळा, विकला गेलेला, असा गजर सुरू झाला. लंबूने मागे वळून हात वर केला आणि आपल्याच लोकांना गप्प बसवलं. "पंचांनी दिलं ना? मग झालं," तो म्हणाला.

पंचाच्या अंगाचा तिळपापड झाला. शिवी दिली असती तर त्याने नियमाने बाहेर काढलं असतं आणि घरी जाऊन नीट जेवला असता. हा चांगुलपणा मात्र त्याला सहन होईना. एवढ्यात मागे बसणारा कॅचर चेंडू टाकणाऱ्याशी काहीतरी ठरवायला म्हणून मैदानाच्या मध्यावर गेला. पाटीपाशी दोघेच उरले. पंचाने ब्रश काढला आणि वाकला. पाटी स्वच्छ होती.

"सीट मागे होती," तो झाडता झाडता म्हणाला.

"काय?"

"तुझ्या भावाची गाडी. ड्रायव्हरची सीट. शेवटच्या खाचेत होती. गाडी माझ्याकडे आली होती, विसरलास?"

लंबूच्या बुटांची टोकं पंचाला दिसत होती. ती एक पाऊल मागे सरकली.

"ती बघ तुझी भावजय, तिकडे गुण लिहितेय," पंच म्हणाला. "जाऊन सांगू? दोन मिनिटांचं तर काम."

"नको," लंबू पुटपुटला. "पाया पडतो तुमच्या. नको."

पंच ताडकन उठला, तोंडावरचा मास्क ओढून काढला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा गरजला, "काय म्हणालास? माझ्या आईला? माझ्या मेलेल्या आईला? चल, बाहेर! चालता हो!"

लंबू तोंड उघडून तसाच उभा होता. त्याने काय म्हटलं ते कुणीच ऐकलं नव्हतं, पण विश्वास सगळ्यांनी ठेवला. इतकी वर्षं शिव्या देऊन कमावलेलं नाव होतं ते. बाकावरचा एकजण हळहळून म्हणाला, "शेवटी गेलाच याचा तोल."

शनिवारी दुपारी संघटनेची चौकशी बसली. टाइल्सच्या दुकानावरची एक खोली, एक टेबल, डगमगणारा पंखा. अध्यक्ष होते निवृत्त दाताचे डॉक्टर, एका कानाने कमी ऐकणारे. चिटणीस होती लंबूची भावजय. पंचाने हे आधीच हिशेबात धरलं होतं. हिच्यासमोर लंबू खरं सांगूच शकणार नव्हता, आणि खरं न सांगता सुटूही शकणार नव्हता.

नियमाप्रमाणे अहवालात खेळाडूचे शब्द जसेच्या तसे लिहावे लागतात. पंचाने ते सुवाच्य अक्षरात लिहिले होते. आईच्या नावाने पाच शिव्या, एकाहून एक घाण. भावजयीने त्या सपाट आवाजात वाचून दाखवल्या.

"मोठ्याने वाचा हो," अध्यक्ष कानामागे हात धरून म्हणाले.

तिने मोठ्याने वाचल्या. खाली दुकानातलं बोलणं थांबलं.

"दोन वर्षांत शब्दाने शब्द वाढवला नाही याने," अध्यक्ष लंबूकडे बघून म्हणाले. "उगाच कसा तोंड सोडेल? काय रे, पंच तुला आधी काही बोलले का? स्पष्ट सांग. ते बोलले असतील तर गोष्ट वेगळी. त्यांनाही जाब विचारू आम्ही."

खोलीत सगळे लंबूकडे बघू लागले. पंच आपल्या नखांकडे बघत होता. गॅरेजचं काळं तेल नखांतून कधी पूर्ण जात नाही.

भावजयीने पेन उचललं. "बोला भाऊजी. जसं झालं तसं लिहिते मी."

लंबूने तिच्याकडे पाहिलं, मग त्या पेनाकडे. "नाही," तो म्हणाला. "पंच काही बोलले नाहीत. ते पाटी झाडत होते."

"मग शिव्या दिल्या तुम्ही?"

"दिल्या."

"याच?"

"याच."

तिने ते लिहून काढलं आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. न दिलेल्या पाच शिव्यांखाली लंबूने सही केली. नाव कायमचं कापलं गेलं. त्याच्या संघातला जो गडी साक्षीला आला होता, तो त्याच्याकडे न बघताच निघून गेला. अध्यक्षांनी पंचाशी हात मिळवला आणि तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून खेळ टिकून आहे, असं काहीसं म्हणाले. लंबू बाहेर जिन्यावर जाऊन थांबला, कारण भावजयीला घरी सोडायचं होतं.

खोलीत ती आणि पंच राहिले. ती कागद फाइलला लावत होती. पंच निघणार एवढ्यात तिने हाक मारली.

"एक विचारू? राग नका मानू. आमची गाडी तुमच्याकडे आली होती ना?"

"आली होती."

"तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारते." तिने फाइल छातीशी धरली. "हे कधी प्यायले की गाडीला हात लावायचे नाहीत हो. किल्ली भाऊजींकडे द्यायचे. दरवेळी. मग त्याच रात्री कसे चालवायला बसले? माझ्या मनातून हे जातच नाही. गाडी बघून काही कळलं होतं का तुम्हाला?"

एक वाक्य बोलायचं होतं, बस. तेवढ्याने या बाईच्या मानेवरचं दोन वर्षांचं ओझं उतरलं असतं, आणि लंबूला जी शिक्षा व्हायची ती झाली असती. पंचाला ते समजत होतं. पण खरं बोललं की लंबू पोलिसांचा होणार, कोर्टाचा होणार. आत्ता तो फक्त पंचाचा होता.

"तुमचे यजमानच चालवत होते," पंच म्हणाला. "सीट पुढे घेतलेली होती, अगदी त्यांच्या मापाची. शंकाच नको."

तिने मान हलवली.

"बरं झालं विचारलं. वेड्यासारखी भांडत होते सगळ्यांशी. सासूबाईंशीसुद्धा बोलणं सोडलं मी यावरून. घरात यांचा मोठा फोटो लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला मुद्दाम दाखवायचे, की बघा, असा होता माझा माणूस." तिने पर्स उचलली. "आज काढून ठेवते तो."

ती बाहेर गेली. पंच दारामागे थांबला. त्याला ऐकायचं होतं.

"भाऊजी," ती जिन्यावर म्हणाली, "मला माफ करा. दोन वर्षं मी मनातल्या मनात तुमच्यावर संशय घेतला. तुमच्या ताटात वाढताना हात आखडायचा माझा. आज पंचांना विचारलं. त्यांनी खरं काय ते सांगितलं."

जिन्याचा कठडा करकरला.

"हेच चालवत होते," ती म्हणाली. "चला, मी खाली रिक्षा बघते."

तिची पावलं जिना उतरून गेली, तसा पंच बाहेर आला. लंबू पायरीवर बसला होता, दोन्ही हातांनी कठडा धरून. जिना अरुंद होता. पंचाला बघताच तो भिंतीला चिकटून सरकला आणि त्याने वाट करून दिली.

"उपकार झाले, साहेब," तो म्हणाला.

"उद्या मैदानावर ये," पंच म्हणाला. "प्रेक्षकांत पुढच्या बाकावर बस. दर रविवारी यायचं."

"येतो," लंबू म्हणाला.

पंच जिना उतरून रस्त्यावर आला. त्याला फार बरं वाटत होतं. इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.